एक किलोवॅट आरएफ: टेस्ट बेंचवर प्रत्येक वॅटचा हिशेब

एफएम ट्रान्समीटरची दुरुस्ती असो, गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सची ईएमसी चाचणी (रेडिओ लहरींच्या त्रासात उपकरण नीट चालतं का, याची तपासणी) असो की नव्या आरएफ (रेडिओ फ्रिक्वेन्सी) अ‍ॅम्प्लिफायरची तपासणी, बेंचवर एक काम हमखास येतं. मोठी आरएफ शक्ती तयार करायची, ती अँटेनातून बाहेर जाऊ न देता एका जागी जिरवायची आणि वाटेत तिचा अगदी छोटा अंश काढून मोजायचा. काम धोक्याचं आहे, पण गूढ अजिबात नाही. निघालेले वॅट नेमके कुठे गेले, हा प्रश्न सतत विचारत राहिलं तर माणसं आणि उपकरणं सुरक्षित राहतात आणि मोजमापही खरं येतं. ज्या वॅटांचा पत्ता लागत नाही, ते कुठेतरी काहीतरी तापवत असतात, नाहीतर खोलीत पसरत असतात.

उदाहरण म्हणून १०० मेगाहर्ट्झवर चालणारा, १ किलोवॅट देणारा, ५० व्होल्ट डीसीवरचा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर घेऊ. मांडणी साधी आहे: सिग्नल जनरेटर, अ‍ॅम्प्लिफायर, डायरेक्शनल कपलर (जाणाऱ्या किंवा परत येणाऱ्या शक्तीचा ठरलेला छोटा अंश काढणारा), जाड कोएक्सियल केबल आणि शेवटी ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी शक्ती जिरवणारा रेझिस्टर). कपलरच्या बाजूच्या फाट्यावरून अ‍ॅटेन्युएटर (सिग्नल ठरलेल्या प्रमाणात कमी करणारा भाग) आणि त्यापुढे स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर.

५० ओहममध्ये १००० वॅट म्हणजे २२४ व्होल्ट आरएमएस, शिखरावर ३१६ व्होल्ट, आणि सुमारे ४.५ अँपिअर करंट. लोड सुटला तर गेलेली लाट आणि परत आलेली लाट एकमेकींवर चढतात आणि केबलवर काही ठिकाणी शिखर व्होल्टेज दुप्पट, म्हणजे ६३२ व्होल्टपर्यंत जातं. अ‍ॅम्प्लिफायर पुरवठ्यातून ५० व्होल्टवर ३० अँपिअर, म्हणजे १५०० वॅट घेतो. त्यातले १००० आरएफ होतात, ५०० त्याच्या हीटसिंकमध्ये उष्णता म्हणून जातात. लोडमधले १००० सुद्धा शेवटी उष्णताच होतात. म्हणजे हे सगळं बेंच मिळून १५०० वॅटचा रूम हीटरच आहे. एक टनाचा एसी साधारण ३.५ किलोवॅट उष्णता बाहेर काढतो. त्याची जवळजवळ निम्मी क्षमता एकटं हे बेंच खातं. खोली थंड राहत नसेल तर एसीला दोष देण्याआधी ही बेरीज करून पाहावी.

डमी लोड

लोडवर लिहिलेला वॅटचा आकडा वाचताना तीन गोष्टी सोबत वाचायच्या: किती वेळासाठी, किती तापमानाला, आणि कशाच्या थंडाव्यावर. तेलात बुडवलेले छोटे लोड १ किलोवॅट काही मिनिटंच सोसतात, नंतर त्यांना तासभर निवू द्यावं लागतं. सलग चाचणीला पंख्याचा किंवा पाण्याचा लोड हवा.

पंख्याच्या लोडचं गणित असं: १ किलोवॅट उष्णता वाहून नेताना हवेचं तापमान २० अंशांपेक्षा जास्त वाढू द्यायचं नसेल, तर तासाला सुमारे १५० घनमीटर हवा लागते. जाळीवर धूळ बसून हवा निम्मी झाली की तीच वाढ ४० अंशांवर जाते. विदर्भात मे महिन्यात खोलीच ४२-४५ अंशांवर असते, तेव्हा याचा अर्थ रेझिस्टरच्या आसपासची हवा ८५ अंशांची. बहुतेक लोड आणि अ‍ॅटेन्युएटरची पूर्ण क्षमता २५ अंशांना दिलेली असते. त्यावर ती उतरत जाते. १२५ अंशांना शून्यावर येणारा सरळ उतार धरला, तर १०० वॅटचा अ‍ॅटेन्युएटर ४५ अंशांच्या खोलीत ८० वॅटचाच राहतो. हा आलेख प्रत्येक डेटाशीटमध्ये असतो आणि तोच सगळ्यात कमी पाहिला जातो.

पाण्याच्या लोडचा मोठा फायदा म्हणजे तो स्वतःच एक वॅटमीटर आहे. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्याच्या तापमानातला फरक मोजा, त्याला मिनिटाच्या लिटरनं आणि ७० नं गुणा. उत्तर वॅटमध्ये येतं. मिनिटाला १ लिटर पाणी आणि १४.३ अंशांचा फरक म्हणजे १ किलोवॅट. दुसऱ्या कुठल्याही मीटरवर न विसंबता मिळणारा हा आकडा फार मोलाचा असतो. पण पाणी थांबलं की असा लोड काही क्षणांत जातो, म्हणून फ्लो स्विच अ‍ॅम्प्लिफायरच्या इंटरलॉकला (धोका दिसताच शक्ती तोडणाऱ्या सर्किटला) जोडलेला असलाच पाहिजे. पंप चालू असणं म्हणजे पाणी वाहत असणं नव्हे. स्विच प्रवाहावर चालणारा हवा. बोअरवेलचं जड पाणी तर वापरूच नये, आत क्षार धरतात. डिस्टिल्ड पाणी किंवा उत्पादकानं सांगितलेलं द्रावण भरावं.

जुना तेलाचा लोड भंगारातून किंवा लिलावातून आला असेल तर आतलं तेल कसलं आहे हे कळल्याशिवाय झाकण उघडू नये. जुन्या विद्युत उपकरणांच्या तेलात पीसीबी नावाची विषारी रसायनं असू शकतात.

कनेक्टर: सगळ्यात जास्त बिघाड इथेच

मोठ्या शक्तीच्या बेंचवर जळालेली वस्तू हातात आली की बहुतेक वेळा तो कनेक्टर असतो. कारण साध्या गुणाकारात आहे. करंट ४.५ अँपिअर, त्याचा वर्ग २०. मधल्या पिनच्या स्पर्शात ०.०५ ओहमचा रोध आला तर तिथे १ वॅट उष्णता. ऐकायला थोडी वाटते, पण ती टाचणीएवढ्या जागेत साठते. स्पर्श तापतो, पितळेच्या फटीची (पिन जिथे बसते त्या खोबणीची) स्प्रिंग ढिली पडते, रोध वाढतो. ०.५ ओहम झाला की १० वॅट. मग भोवतालचं टेफ्लॉन मऊ होऊन सरकतं, पिन मध्यातून ढळते आणि शेवटी ठिणगी पडते. टेफ्लॉन फार तापलं तर विषारी वाफ सोडतं, त्यामुळे जळका कनेक्टर हुंगून पाहायचा नाही आणि भट्टीत किंवा शेकोटीत टाकायचा नाही.

१०० मेगाहर्ट्झला १ किलोवॅटसाठी एन प्रकारचा चांगला कनेक्टर चालतो, पण हाताशी फारशी मोकळीक राहत नाही. ७/१६ डिन (मोठ्या शक्तीसाठीचा जाडजूड कनेक्टर) घेतला तर निश्चिंती असते. बीएनसी या वाटेवर नकोच. त्याची जागा बाजूच्या मोजमापाच्या फाट्यावर. एनमध्ये आणखी एक सापळा आहे. ७५ ओहमचा एन बाहेरून हुबेहूब ५० ओहमसारखा दिसतो, पण त्याची मधली पिन बारीक असते. ५० ओहमचा नर ७५ ओहमच्या मादीत घातला तर तिची फट कायमची फाकते. उलट घातला तर स्पर्शच धड होत नाही, आणि नेमका हा प्रकार कमी शक्तीला चालल्यासारखा दिसतो व पूर्ण शक्तीला जळतो.

घट्ट करताना नट फिरवायचा, कनेक्टरचं अंग फिरवायचं नाही. अंग फिरलं की आतली पिन घासली जाते आणि सोन्याचा किंवा चांदीचा मुलामा निघतो. अचूक मोजमापाच्या एनसाठी टॉर्क पाना १.३६ न्यूटन-मीटरवर लावतात. स्टीलच्या एसएमएसाठी (छोट्या, आट्यांच्या कनेक्टरसाठी) ०.९, पितळेच्या एसएमएसाठी ०.५६. ७/१६ डिनला मात्र २५ ते ३० न्यूटन-मीटर लागतात, म्हणजे तिथे हातानं घट्ट केलेलं जवळपास सैलच असतं. पक्कडीनं आवळणं हा प्रकार बेंचवरून पूर्ण हद्दपार करावा.

जोडण्याआधी दर वेळी तोंडात उजेड पाडून पाहायचं: पिन मध्यात आहे का, फटीची पाती सारखी आहेत का, धातूचा कीस आहे का, टेफ्लॉनवर काळी रेघ आहे का. काळी रेघ म्हणजे ठिणगीची वाट. ती पुसून जात नाही, तो कनेक्टर बदलायचाच. साध्या मळाला ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि फोमची काडी. कापसाची काडी धागे मागे सोडते. सॅनिटायझर किंवा दुकानातलं ७० टक्क्यांचं अल्कोहोल नको, त्यात पाणी असतं. कोकणपट्टीत खारी दमट हवा असल्यामुळे न वापरलेल्या प्रत्येक तोंडाला टोपी आणि कपाटात सिलिका जेल, एवढं केलं तरी कनेक्टरचं आयुष्य बरंच वाढतं.

केबलचंही तसंच. १०० मेगाहर्ट्झला आरजी-२१३ मध्ये ३ मीटरला साधारण ०.२ डेसिबल लॉस होतो. कागदावर नगण्य, पण १ किलोवॅटमधले ४५ वॅट. तेवढ्याच लांबीच्या बारीक आरजी-५८ मध्ये शंभरेक वॅट जातात आणि तिचं पॉलिथिन वितळून मधली तार वाकणावर बाहेरच्या जाळीकडे सरकते. ८० अंशांच्या आसपास पॉलिथिन मऊ पडतं, टेफ्लॉनची केबल २०० अंश सोसते. म्हणून तापलेली केबल गुंडाळी करून ठेवायची नाही आणि तीव्र वाकण द्यायचं नाही.

मोजायचं किती, आणि खरं किती

डीबीएम म्हणजे १ मिलिवॅटच्या तुलनेत किती डेसिबल. १ किलोवॅट म्हणजे +६० डीबीएम. स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरच्या तोंडाची कमाल मर्यादा बहुधा +३० डीबीएम, म्हणजे १ वॅट. आणि चांगलं मोजमाप त्याच्या कितीतरी खाली येतं. ४० डेसिबलच्या कपलरनंतर +२० डीबीएम उरतात, त्यापुढे ३० डेसिबलचा अ‍ॅटेन्युएटर लावला की -१० डीबीएम. हे ठीक. हाताशी फक्त ३० डेसिबलचा कपलर असेल आणि पुढचा अ‍ॅटेन्युएटर कुणी काढून ठेवला असेल, तर अ‍ॅनालायझर थेट मर्यादेवर उभा राहतो. त्यामुळे आधी कागदावर वजाबाकी, मग जोडणी.

कपलरऐवजी पूर्ण शक्ती अ‍ॅटेन्युएटरमध्येच सोडत असाल तर त्याची दिशा बघा. मोठ्या शक्तीचे अनेक अ‍ॅटेन्युएटर एकाच दिशेनं वापरायचे असतात. ३० डेसिबलच्या अ‍ॅटेन्युएटरमध्ये ९९.९ टक्के शक्ती आतच जिरते आणि त्यातली बहुतेक पहिल्या, मोठ्या रेझिस्टरमध्ये. उलटा लावला तर सगळा भार शेवटच्या छोट्या रेझिस्टरवर येतो आणि तो लगेच जातो.

एएम सिग्नल असेल तर आणखी एक आकडा लक्षात ठेवावा. ईएमसीच्या प्रतिकारक्षमता चाचण्यांमध्ये ८० टक्के एएम वापरतात. तेव्हा शिखराचं व्होल्टेज १.८ पट आणि शिखराची शक्ती ३.२४ पट होते, म्हणजे ५.१ डेसिबल जास्त. ३०० वॅटच्या वाहक लहरीला अ‍ॅम्प्लिफायर ९७२ वॅटपर्यंत सरळ चालणारा लागतो. सरासरी दाखवणारा मीटर हे शिखर दाखवत नाही. कनेक्टरमधली ठिणगी मात्र शिखरावरच पडते.

आता परावर्तित शक्ती. एसडब्ल्यूआर (लोड किती जुळलेला आहे याचं माप, १ म्हणजे पूर्ण जुळलेला) १.५ असेल तर ४ टक्के शक्ती परत येते, २ असेल तर ११ टक्के, ३ असेल तर २५ टक्के. ही मोजताना दोन चुका वारंवार होतात. पहिली: बर्ड ४३ सारख्या मीटरची अचूकता पूर्ण पट्टीच्या ±५ टक्के असते. १००० वॅटच्या एलिमेंटवर (मीटरमध्ये खोचायच्या, पट्टी आणि दिशा ठरवणाऱ्या भागावर) हा फरक ±५० वॅटचा, त्यामुळे त्याच एलिमेंटवर परावर्तित ३० वॅट वाचण्याला काही अर्थ उरत नाही. परावर्तितसाठी ५० किंवा १०० वॅटचं वेगळं एलिमेंट घ्या, आणि शक्ती बंद करूनच ते बदला किंवा फिरवा. छोटं एलिमेंट चुकून पुढच्या दिशेला राहिलं तर काटा आपटतो. दुसरी चूक कपलरच्या डायरेक्टिव्हिटीची, म्हणजे जाणारी आणि परत येणारी लाट वेगळी ठेवण्याच्या क्षमतेची. ती २० डेसिबल असेल आणि लोडचा रिटर्न लॉसही (परत आलेली शक्ती गेलेल्या शक्तीपेक्षा किती डेसिबल कमी) खरा २० डेसिबल असेल, तर कपलरमधून झिरपलेली पुढची आणि लोडकडून खरी परत आलेली अशा दोन लहरी कशा जुळतात त्यावर मीटर १४ डेसिबलपासून थेट ‘परफेक्ट’ लोडपर्यंत काहीही दाखवू शकतो. केबल थोडी लांब केल्यावर एसडब्ल्यूआर सुधारला, तर लोड सुधारला असं समजू नये.

हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतले नको असलेले सिग्नल) मोजताना कपलर सगळ्या फ्रिक्वेन्सीला सारखाच अंश काढतो असं गृहीत धरू नका. छोट्या लांबीच्या साध्या कपलरचं कपलिंग फ्रिक्वेन्सी दुप्पट झाली की ६ डेसिबलनं वाढतं. २०० मेगाहर्ट्झचं दुसरं हार्मोनिक त्यामुळे खऱ्यापेक्षा ६ डेसिबल जास्त दिसतं.

चालू करण्याचा आणि बंद करण्याचा क्रम

आधी लोड तपासा. मल्टिमीटरवर ५० ओहमच्या जवळपास रोध आणि नेटवर्क अ‍ॅनालायझरवर कामाच्या फ्रिक्वेन्सीला २० डेसिबलपेक्षा चांगला रिटर्न लॉस, दोन्ही हवेत. फक्त मल्टिमीटर पुरत नाही. तडा गेलेला रेझिस्टर डीसीला बरोबर दिसूनही आरएफला फसवू शकतो. मग पंखा किंवा पाणी सुरू करा. अ‍ॅम्प्लिफायरच्या इनपुटला जनरेटर जोडलेला, पण त्याचं आरएफ बंद. इनपुट उघडं ठेवून अ‍ॅम्प्लिफायर चालू केला तर काही डिझाइन स्वतःच ऑसिलेट होतात आणि ट्रान्झिस्टर घेऊन जातात. आता डीसी पुरवठा, बायस (ट्रान्झिस्टरला कामासाठी तयार ठेवणारं व्होल्टेज), आणि शेवटी जनरेटरचं आरएफ अगदी कमी पातळीवर.

पहिला थांबा १०० वॅटवर. दोन-तीन मिनिटं थांबून परावर्तित शक्ती स्थिर आहे का पाहा. ती हळूहळू वाढत असेल तर काहीतरी तापतंय. तिथेच बंद करा. मग ५०० वॅट, मग पूर्ण. जनरेटरची पातळी मोठ्या टप्प्यानं बदलायची असेल तर त्याचं आरएफ बंद करून बदला, कारण आतला अ‍ॅटेन्युएटर बदलताना काही जनरेटर क्षणभर जास्त पातळी सोडतात. कोएक्सियल रिले आरएफ वाहत असताना हलवायचा नाही. आधी आरएफ बंद, मग रिले, त्याला स्थिर व्हायला २०-३० मिलिसेकंद, मग परत आरएफ. जिवंत शक्तीवर हललेल्या रिलेच्या टोकांवर खड्डे पडतात आणि पुढे तोच रिले लोड अर्धवट जोडू लागतो.

बंद करताना क्रम बरोबर उलटा: आरएफ, बायस, डीसी, आणि पंखा अजून दहा मिनिटं चालू. कनेक्टरला हात त्यानंतरच.

तापलेली जागा शोधायला इन्फ्रारेड थर्मामीटर चांगला, पण चकचकीत धातूवर तो खूप कमी तापमान दाखवतो. कनेक्टरवर काळ्या टेपचा छोटा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरा.

शरीर आणि शेजार

१०० मेगाहर्ट्झला हात लागला तर ५० हर्ट्झसारखा झटका बसत नाही. इतक्या वेगानं बदलणाऱ्या करंटला मज्जातंतू प्रतिसाद देत नाहीत, ऊती तापतात. त्वचेवर छोटा पांढरा ठिपका आणि आत खोल भाजणं, असं हे दुखणं असतं. वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरायचं आणि जखम बारीक दिसली तरी डॉक्टरांना दाखवायची. डोळ्याच्या भिंगात रक्तपुरवठा नसल्यामुळे तिथली उष्णता लवकर वाहून जात नाही, म्हणून उघड्या कनेक्टरमध्ये किंवा वेव्हगाइडमध्ये शक्ती चालू असताना डोकावणं सर्वथा वर्ज्य. पेसमेकर असलेल्या व्यक्तीला या खोलीत काम देऊ नये. अंगठी, कडं, धातूचं घड्याळ बाहेर.

आयसीएनआयआरपी या प्रारण-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या मार्गदर्शक मर्यादा या फ्रिक्वेन्सीला सामान्य लोकांसाठी २ वॅट प्रति चौरस मीटर, म्हणजे सुमारे २८ व्होल्ट प्रति मीटर. प्रशिक्षित कामगारांसाठी १० वॅट, सुमारे ६१ व्होल्ट प्रति मीटर. अंदाजापुरतं गणित करायचं तर १ मीटरवर २८ व्होल्ट प्रति मीटर व्हायला २६ वॅट गळती पुरते. केबलच्या फाटक्या जाळीतून किलोवॅटमधले अडीच टक्के निसटले की आपण तिथे पोचलो. म्हणून केबल बदलली की फील्ड मीटर हातात घेऊन बेंचभोवती एक फेरी मारायची, आधी १०० वॅटवर.

शेजाऱ्यांचा प्रश्न तर याच्या कितीतरी आधी सुरू होतो. एफएम पट्ट्याच्या थोडं वर ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर विमानांचं संभाषण चालतं. नारायणगावजवळ खोडद परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना पसरलेल्या आहेत. आकाशातून येणारे इतके क्षीण संकेत टिपणाऱ्या दुर्बिणीला मिलिवॅटची गळतीसुद्धा नकोशी असते. झाकण उघडं ठेवून ‘फक्त दोन मिनिटं’ चाचणी घेणं, किंवा लोड नाही म्हणून अँटेना जोडणं, हे दुसऱ्याच्या कामात आणि सुरक्षिततेत ढवळाढवळ करणं आहे. शिवाय परवान्याविना प्रक्षेपण बेकायदा आहेच.

व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर आणि साठलेला चार्ज

ट्रान्झिस्टरच्या जागी व्हॉल्व्ह (निर्वात नळी) असेल तर सगळ्यात मोठा धोका आरएफचा नसून डीसीचा असतो. ३००० व्होल्टला भारलेल्या ४० मायक्रोफॅरड कपॅसिटरमध्ये १८० जूल साठलेले असतात. हे जिवावर बेतू शकतं, आणि प्लग काढल्यानंतरसुद्धा. १०० किलोओहमचा ब्लीडर रेझिस्टर (साठलेला चार्ज उतरवणारा) असेल तर २० सेकंदांत व्होल्टेज एक टक्क्याखाली येतं. पण तोच ब्लीडर चालू असताना ९० वॅट सोसत असतो, म्हणून हाच रेझिस्टर बरेचदा आधी आतून तुटतो. मग चार्ज तासन्‌तास टिकतो.

प्लग काढा, तो स्वतःच्या नजरेसमोर ठेवा, मीटरवर व्होल्टेज उतरलेलं पाहा, मग अर्थिंगच्या काठीची तार आधी चासीला पक्की लावून काठीचा हूक कपॅसिटरला टेकवा. टेकवून काढून घ्यायची नाही. काम संपेपर्यंत तिथेच अडकवून ठेवायची, कारण शॉर्ट केलेला कपॅसिटरसुद्धा थोड्या वेळानं आपोआप काही व्होल्टेज परत दाखवतो. इंटरलॉकचे स्विच ‘तात्पुरते’ बांधून ठेवणं अजिबात नको. एकट्यानं हे काम करू नये. दुसऱ्या माणसाला मेन स्विच कुठे आहे आणि सीपीआर कसा द्यायचा हे माहीत असलं पाहिजे. खोलीचं अर्थिंग आयएस ३०४३ या भारतीय मानकाप्रमाणे तपासून घ्यावं.

काही पॉवर ट्रान्झिस्टर, फ्लँज रेझिस्टर आणि व्हॉल्व्हच्या पांढऱ्या सिरॅमिकमध्ये बेरिलियम ऑक्साइड असतं. अखंड असताना ते निरुपद्रवी, पण त्याची धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते. असे भाग कानशीनं घासायचे नाहीत, फोडायचे नाहीत. फुटलाच तर झाडू किंवा हवेचा फवारा न मारता, हातमोजे आणि योग्य मास्क घालून ओल्या कापडानं तुकडे उचलायचे, सीलबंद पिशवीत ठेवायचे आणि धोकादायक कचरा म्हणून सोपवायचे.

नोंदवही

दर महिन्याला पंख्याच्या जाळ्या, लोडचा थंड आणि पूर्ण शक्तीनंतर लगेच मोजलेला रोध, आणि मुख्य केबलचा लॉस नोंदवावा. वर्षातून एकदा वॅटमीटर आणि सेन्सर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत कॅलिब्रेशनला. अ‍ॅटेन्युएटर आणि कपलरही सोबत पाठवावेत, कारण एकदा जास्त तापलेला अ‍ॅटेन्युएटर ३० ऐवजी २९.४ डेसिबलचा होतो आणि त्यापुढची प्रत्येक शक्ती १५ टक्क्यांनी जास्त दाखवतो. डीसी पुरवठ्याचे वॅट, पुढची आणि परावर्तित शक्ती, हीटसिंकचं आणि लोडचं तापमान, खोलीचं तापमान हे सहा आकडे प्रत्येक मोठ्या चाचणीत लिहावेत. त्याच आरएफ शक्तीला डीसीचे वॅट गेल्या महिन्यापेक्षा शंभरानं वाढलेले दिसले, तर पुढची चाचणी थांबवून ते शंभर शोधायचे. शोधायला सुरुवात कनेक्टरपासून.